दुधाळ गायींच्या वासरांसाठी घरगुती पूरक खाद्य: प्रकल्प नोंदी (संगमनेर तालुका, रब्बी २०२४-२५)

४ नोव्हेंबर २०२४

कामाचा आवाका ठरला. गोठे छोटे, गायी बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर, थोड्या जर्सी संकर, काही दावणींना म्हशीही. जन्मापासून दूध तोडेपर्यंतच्या कालवडी आणि पारड्या नोंदीत घ्यायच्या. तपासायच्या वस्तू घरात किंवा बांधावर मिळणाऱ्याच: शेवग्याचा पाला, ओवा, बाळंतशोपा, हळद, लसूण, जवस, दही, अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी छोटी वनस्पती). प्रत्येकीबाबत तीनच प्रश्न: कोणत्या वयाला, किती, आणि कशातून द्यायची.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. वासराने दूध चोखले की अन्ननलिकेच्या शेवटी असलेली खाच मिटून नळी तयार होते. दूध कोटीपोटाला, म्हणजे पहिल्या पोटाला, वळसा घालून सरळ चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात उतरते. चावून खाल्लेला भरडा आणि भांड्यातले साधे पाणी मात्र कोटीपोटात जाते. दुधात कालवलेली भुकटी आणि खुराकात मिसळलेली तीच भुकटी अशा दोन वेगळ्या ठिकाणी पोचतात. दुधातून काय चालते आणि काय नाही, याची यादी पुढच्या नोंदींत करत जायची.

७ नोव्हेंबर

पूरक खाद्याआधी चिकाची घडी बसवणे भाग आहे. चीक न मिळालेल्या वासराला ओवा-हळद देऊन काही उपयोग नाही. गायीच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती सगळी चिकातूनच येतात. आतड्यातून ती शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटते आणि साधारण २४ तासांत संपते.

सर्व गोठ्यांसाठी एकच नियम: वजनाच्या १० टक्के चीक पहिल्या दोन तासांत, आणखी ५ टक्के पुढच्या १२ तासांच्या आत. ३० किलोच्या कालवडीला ३ लिटर आणि मग दीड लिटर. वार पडायची वाट पाहायची नाही. वार पडण्याआधी चीक काढला तर वार अडकते हा समज अजून पक्का आहे, पण होते उलटेच: धार काढल्याने किंवा वासरू पाजल्याने गर्भाशय आकुंचन पावायला मदत होते.

चिकाची प्रत, म्हणजे त्याचा दाटपणा, पाहायला ब्रिक्स मापक हे हातात धरायचे छोटे यंत्र घेतले. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचे, उजेडाकडे धरून पाहायचे. निळा भाग आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा वाचायचा. चिकाची रेघ पाण्यासारखी धारदार येत नाही, कडा धूसर असते. धूसर पट्ट्याचा मध्य धरावा. आकडा २२ किंवा त्यावर असेल तर चीक उत्तम. १८ ते २२ असेल तर एकूण एक लिटर जास्त पाजावा. १८ च्या खाली असेल तर दुसऱ्या गायीचा साठवलेला चीक वापरावा. डीप फ्रीझरमधला चीक वितळवताना पाणी ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर प्रतिकारक प्रथिनेच निकामी होतात. गॅसवर थेट तापवलेला चीक फाटतो, तो वासराच्या कामाचा राहत नाही.

बेंबीला ७ टक्के टिंक्चर आयोडीन. नाळ त्यात बुडवायची. नुसता बोळा फिरवून भागत नाही.

१२ नोव्हेंबर

गुळाचा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक दावणीवर निघाला. दुधात गुळाचा खडा, अशक्त वासराला गूळपाणी, हगवणीत साखर-मीठ-पाणी, हे सगळीकडे चालू आहे.

ते थांबवायचे. लहान वासराच्या आतड्यात साखर फोडणारे विकर जवळजवळ नसते. दुधातली साखर त्याला पचते, ग्लुकोज थेट शोषले जाते, पण ऊस-साखर आणि गूळ न पचता पुढे सरकतात, आतड्यात पाणी ओढून घेतात आणि हगवण वाढवतात. पिठाचेही तेच. मक्याचे पीठ किंवा तांदळाची पेज दुधात घालून दूध ‘वाढवणे’ पहिल्या तीन आठवड्यांत हमखास हगवणीला निमंत्रण. माणसाला साखर पचते म्हणून वासरालाही पचेल, असे नाही.

हाच गूळ खुराकातून दिला तर मात्र चालतो, कारण तो कोटीपोटात जातो आणि तिथले जिवाणू तो वापरतात.

यादीतली पहिली ओळ: दुधातून गूळ, साखर, पीठ आणि कोणतीही पाल्याची भुकटी द्यायची नाही.

१५ नोव्हेंबर

खुराकाचे सूत्र पक्के केले. १०० किलो काफ स्टार्टरसाठी (वासराचा पहिला खुराक):

मका भरडा ४७ किलो, सोयाबीन पेंड ३२ किलो, गव्हाचा कोंडा १३ किलो, गूळ ५ किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो.

यात प्रथिने २० टक्क्यांच्या थोडी वर बसतात. मक्याचा दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला हवा. पिठासारखा दळला तर नाकपुड्यांना चिकटतो, ओल लागून गव्हाणीत थापला जातो, आणि पोटात फार झटकन आंबून आम्लता वाढवतो.

मका यंदाचाच, नुकता खुडलेला. त्यात ओल बरीच आहे. दाताखाली कट्ट आवाज करून फुटेपर्यंत वाळवायचा, ओल १२-१३ टक्क्यांच्या वर ठेवायची नाही. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही. शेंगदाणा पेंड याच कारणासाठी सूत्रातून वगळली: चांगली मिळाली तर उत्तम प्रथिन, पण जुन्या ढेपेची खात्री देता येत नाही आणि लहान वासराचे यकृत हे विष फारसे झेलू शकत नाही.

दोन गोष्टी ठळक लिहून गोठ्यात लावायच्या. सरकी पेंड चार महिन्यांच्या आत नको. तिच्यातल्या गॉसिपॉलचा बंदोबस्त मोठ्या जनावराचे कोटीपोट करते, वासराचे करू शकत नाही, आणि हृदयावर परिणाम होऊन वासरू अचानक दगावते. गाय खाते त्याच घमेल्यातली मूठभर पेंड कालवडीपुढे टाकायची सवय इथे घरोघर आहे. दुसरी गोष्ट, घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. भाजूनच वापरावे, नाहीतर पेंड घ्यावी.

१९ नोव्हेंबर

शेवगा पाला. फांद्या सकाळी दव उतरल्यावर छाटल्या. डहाळ्या सावलीत जाळीवर पसरल्या, थर बोटभराहून जाड नाही, दिवसातून दोनदा उलथापालथ. उन्हात वाळवला तर रंग तपकिरी पडतो आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य उडून जाते. पाला बरोबर वाळला की मुठीत दाबल्यावर चुरा होतो आणि रंग हिरवाच राहतो. देठ काढून भरडला. ४ ते ५ किलो ओल्या पाल्याची साधारण १ किलो भुकटी.

शेवग्याचा गाजावाजा प्रथिनांसाठी होतो, तेव्हा हिशेब मांडून ठेवणे बरे. वाळलेल्या पाल्यात प्रथिने २५ टक्क्यांच्या आसपास, सोयाबीन पेंडीत ४५. शेवगा पेंडीची जागा घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग कॅल्शियम, लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी, तेही जिथे वासरांना हिरवा चारा मिळत नाही तिथे. मात्रा: तिसऱ्या आठवड्यापासून खुराकाच्या प्रत्येक किलोला २० ग्रॅम, दोन महिन्यांनंतर ५० ग्रॅम. एकदम जास्त घातला तर कडवट वासाने वासरू गव्हाणीला तोंड लावत नाही.

२३ नोव्हेंबर

मसाल्याचे मिश्रण: १०० किलो स्टार्टरमध्ये ओवा ३०० ग्रॅम, बाळंतशोपा ३०० ग्रॅम, हळद २०० ग्रॅम. ओवा आणि शोपा कोरडेच हलके गरम करून जाडसर भरडायचे. करपू द्यायचे नाहीत, कारण काम करणारे तेल उडून जाणारे आहे. ओव्यातले थायमॉल आतड्यातल्या काही घातक जिवाणूंची वाढ रोखते. जास्त झाले तर कोटीपोटातले कामाचे जिवाणूही दाबले जातात, म्हणून ‘थोडे जास्त घातले तर जास्त गुण’ हा हिशेब इथे लागू नाही. हळदीचा मुख्य घटक रक्तात फारच कमी शोषला जातो. तिच्याकडून आतड्यापुरतीच अपेक्षा ठेवावी.

मिश्रण दहा दिवस पुरेल इतकेच करायचे. गुळामुळे ओल धरते आणि मसाल्याचा वासही उतरतो.

कडुनिंबाचा पाला वगळला. कडूपणामुळे खाणे घटते आणि या वयात खाणे घटण्याइतका मोठा तोटा दुसरा नाही. शतावरीही वगळली. ती दुभत्या जनावरासाठी वापरतात, दूध पिणाऱ्या वासरावर तो खर्च वाया.

२८ नोव्हेंबर

लसूण सुरू. तीस किलोच्या वासराला रोज ५ ग्रॅम, म्हणजे गावरान लसणाच्या दोन-तीन पाकळ्या. ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवायचा. लसणातले तिखट द्रव्य पाकळी फुटल्यावरच तयार होते आणि त्याला तेवढा वेळ लागतो. तव्यावर परतला तर ते तयारच होत नाही. ठेचा मूठभर खुराकात चोळून सकाळी पहिल्यांदा तोच पुढे ठेवायचा. सलग तीन आठवडे दिला की थांबवायचा. कांदा-लसूण भरमसाट दिल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लालसर-काळपट होते. तसे दिसले तर त्याच क्षणी बंद.

२ डिसेंबर

दही. दुधातून देता येण्यासारखी ही एकच वस्तू. चीक संपून दूध सुरू झाले की रोज ५० मिली ताजे दही, ३८-३९ अंशांच्या दुधात ढवळून. दूध वाफाळते असेल तर दह्यातले जिवाणू मरतात. दूध फार थंड असेल तर वासरू हळू पिते आणि खाच नीट मिटत नाही. दही त्याच दिवशी लागलेले हवे. तार सुटलेले किंवा वर गुलाबी-हिरवे ठिपके आलेले गटारात टाकायचे, वासरापुढे नव्हे.

वासरावर प्रतिजैविकाचा उपचार चालू असेल तर तोवर दह्याचा उपयोग नाही. सडदाह (कासेची सूज) झालेल्या गायीचे, औषध उतरलेले दूध संकलनाला चालत नाही म्हणून वासराला पाजतात, तिथेही तेच. ते दूध वासराला द्यायचेच नाही.

दह्याचा फरक सर्वांत जास्त कुठे दिसतो? जिथे गर्दी, ओल, अपुरे दूध आहे तिथे. जिथे चीक वेळेवर आणि जागा कोरडी, तिथे दही घातलेल्या आणि न घातलेल्या वासरांत डोळ्यांना दिसेल असा फरक नसतो. हे लिहून ठेवतो आहोत, कारण दह्याचे श्रेय कोरड्या जमिनीला द्यायला हवे अशा जागा या नोंदींत बऱ्याच आहेत.

६ डिसेंबर

एका गोठ्यातली सगळी वासरे खुराक हुंगून सोडून देत होती. मसाला जास्त झाला असावा म्हणून साधा स्टार्टर ठेवून पाहिला, तोही खाईनात. कारण निघाले पाण्याचे. दूध पिते म्हणजे पाणी मिळाले, असे धरून वासरांपुढे पाण्याचे भांडेच नव्हते. दूध चौथ्या पोटात जाते, कोटीपोट कोरडेच राहते, आणि कोरड्या कोटीपोटात जिवाणू वाढत नाहीत. अमेरिकेतील १९८४ च्या एका चाचणीत पहिले चार आठवडे मोकळे पाणी न मिळालेल्या वासरांनी खुराक ३१ टक्के कमी खाल्ला आणि त्यांची वाढ ३८ टक्के कमी झाली.

पाणी चौथ्या दिवसापासून, रोज ताजे, थंडीत कोमट. पाण्याचे आणि खुराकाचे भांडे हातभर अंतरावर. शेजारी ठेवले तर ओल्या तोंडाने खुराक भिजतो, आंबतो आणि पुन्हा तीच तक्रार येते. भांडी मांडल्यावर तिसऱ्या दिवसापासून मसाल्याचा खुराकही संपू लागला.

११ डिसेंबर

रात्री चांगलीच थंडी. नवजात वासराला पारा १०-१५ अंशांच्या खाली गेला की अंगातली ऊर्जा ऊब टिकवण्यात जाते. या दिवसांत पूरक खाद्य वाढवण्यापेक्षा दूध वाढवावे: रोज वजनाच्या १० टक्क्यांऐवजी १४-१५ टक्के, तीन वेळांत विभागून. खाली कडब्याचे किंवा गव्हाच्या काडाचे जाड अंथरूण, इतके की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसेनासे व्हावेत. पाठीवर गोणपाट बांधायचे ते कोरडेच. मुताने भिजलेले गोणपाट उघड्या अंगापेक्षा वाईट.

१७ डिसेंबर

हगवणीची प्रकरणे आली. शेणाचे चार दर्जे ठरवले: ० घट्ट, १ लापशीसारखे, २ पातळ पण अंथरुणावर थांबणारे, ३ पाणीच, अंथरुणातून झिरपणारे. दर्जा २ पासून क्षारपाणी सुरू.

१ लिटर उकळून कोमट केलेले पाणी, मीठ ४ ग्रॅम, खाण्याचा सोडा ४ ग्रॅम, ग्लुकोज पावडर २० ग्रॅम. साखर-गूळ नाही, कारण १२ नोव्हेंबरच्या नोंदीत आहे. एका वेळी दीड ते दोन लिटर, दिवसातून दोनदा, दुधानंतर किमान दोन तासांनी. सोड्यामुळे दूध चौथ्या पोटात नीट विरजत नाही, म्हणून हे अंतर. दूध बंद करायचे नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून दूध तोडलेले वासरू भुकेने खंगते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी झाले आहे. डोळे खोल गेले, तोंडात बोट घातल्यावर चोखत नाही, कान-पाय गार, उठत नाही, यांपैकी काहीही दिसले तर शिरेतून सलाईन लागते. डॉक्टरांना लगेच बोलवायचे, काढे पाजत बसायचे नाही. चोखण्याची ताकद गेलेल्या वासराला बाटलीने ओतले तर ते फुप्फुसात जाते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुउपचारांचा जो प्रसार केला आहे, त्यातल्या हगवणीच्या पाठात जिरे, मेथी, मिरे, हळद, हिंग, कढीपत्ता या घरच्याच वस्तू आहेत. दर्जा १ च्या हगवणीत, महिना उलटलेल्या आणि खुराक खाणाऱ्या वासराला तो पाठ प्रौढ मात्रेच्या छोट्या हिश्शात, पशुवैद्यकाला विचारून देता येईल. त्यातही गूळ असतो, म्हणून नुसत्या दुधावरच्या वासराला नको.

वयावरून कारणाचा अंदाज येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा ई. कोलाय, एक ते तीन आठवड्यांत विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, तीन आठवड्यांनंतर रक्त-शेंबूड असेल तर कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी. शेवटच्यावर शेण तपासून नेमके औषधच हवे.

२४ डिसेंबर

पारड्या. म्हशीच्या पिलांत मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच येतो. चिकणमातीसारखे फिकट, दुर्गंधी शेण, पोट मोठे, पाठीची हाडे वर, केस राठ. लसूण किंवा पळसाचे बी यावर विसंबून राहणे धोक्याचे. वयाच्या १० ते १४ दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यकाने ठरवलेले जंतनाशक, वजनाप्रमाणे. पूरक खाद्य त्यानंतर.

३ जानेवारी २०२५

अझोला. दोन गोठ्यांत वाफे छान वाढले आहेत. पण ताज्या अझोल्यात ९३-९५ टक्के पाणीच. एक किलो अझोल्यातून कोरडे खाद्य सुमारे ६० ग्रॅम आणि प्रथिने १२ ते १५ ग्रॅम मिळतात. तेवढी प्रथिने ३० ग्रॅम सोयाबीन पेंडीत मिळतात. वासराच्या इवल्या पोटात ही पाण्याची जागा परवडत नाही. तीन महिन्यांच्या आत देऊ नये. पुढे दिला तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन, शेणाचा वास पूर्ण गेल्यावर, २०० ग्रॅमपासून सुरुवात. वाफा ठेवायचाच असेल तर तो कोंबड्यांसाठी आणि मोठ्या गायींसाठी.

जवस: दोन महिन्यांनंतर रोज ३० ग्रॅम, दहा मिनिटे खळखळ उकळून, थंड करून खुराकात. कच्चे जवस कोमट पाण्यात भिजत घालण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. भिजलेल्या कच्च्या जवसातून सायनाइडचा अंश सुटतो, उकळल्याने तो धोका जातो.

१४ जानेवारी

वजनाची पद्धत. काटा नसल्यास टेप: छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून, लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, दोन्ही इंचांत. घेर × घेर × लांबी ÷ ६६० = किलो. घेर ३२ आणि लांबी ३० इंच असेल तर ३०,७२० ÷ ६६० = साडेसेहेचाळीस किलो. जन्माला २९ किलोची कालवड पाच आठवड्यांत इथवर आली तर दिवसाला ५०० ग्रॅम वाढ, आणि संकरित कालवडीला ती उत्तम. टेप सकाळी दुधाआधी, वासरू चारी पायांवर सरळ उभे असताना लावायची. पोट भरल्यावर घेतलेले माप फसवते.

पोट घागरीसारखे आणि पाठ वाळलेली दिसली तर ती वाढ नव्हे. अशा वासरापुढे खुराकाऐवजी लवकर कडबा-वैरण पडलेली असते. वैरणीने कोटीपोट ताणले जाते, पण त्याच्या आतल्या बारीक अंकुरांची वाढ खुराक आंबून तयार होणाऱ्या आम्लांनी होते. पहिल्या दोन महिन्यांत वैरण चघळण्यापुरतीच, कोवळा लसूणघास मूठभर.

२९ जानेवारी

दूध तोडण्याचा निकष वयावर न ठेवता खाण्यावर ठेवला: सलग तीन दिवस रोज १ किलो स्टार्टर, जर्सी संकराला पाऊण किलो. दूध एकदम न तोडता दहा दिवसांत कमी करायचे, आधी दुपारचे, मग संध्याकाळचे. याच आठवड्यात शिंगे जाळणे, लस, गोठा बदलणे यांतले काहीही करायचे नाही.

मसाल्याचे मिश्रण दूध तोडल्यानंतर आणखी दोन आठवडे चालू ठेवायचे. दूध थांबते तेव्हा खाणे डळमळते आणि ओवा-शोप्याचा ओळखीचा वास तिथे खरा कामी येतो. स्टार्टर रोज दीड किलोवर गेला की मसाला बंद, शेवगा ५० ग्रॅम चालू. खनिज मिश्रण वेगळे द्यायचे नाही, स्टार्टरच्या प्रत्येक किलोतून २० ग्रॅम जातेच.

८ फेब्रुवारी

चार महिन्यांच्या जवळ आलेल्या कालवडींची यादी केली. लाळ्या-खुरकुताची पहिली मात्रा चार महिन्यांना, ब्रुसेला लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांत एकदाच. सरकी पेंड पाचव्या महिन्यापासून, रोज १०० ग्रॅमने सुरुवात, तीही सोयाबीन पेंड पूर्ण न काढता. युरिया घातलेली वैरण सहा महिन्यांपर्यंत नको. शेवग्याची पुढची छाटणी होळीनंतर, तोवरची भुकटी हवाबंद डब्यात, अंधारात.